वाळूच्या बेटावर

समुद्रावर गेल्यावर वाळूचा किल्ला तुम्ही नक्कीच केला असेल. बुरूज रचायचे, शंख-शिंपले लावायचे, खंदक खणायचा आणि मग एकच लाट येते आणि सगळं सपाट! आता मला सांगा, अशा वाळूचं एक अख्खं बेट असेल तर? थोडंथोडकं नव्हे, तब्बल ३८ किलोमीटर लांबीचं! त्यावर दोनशे मीटरहून उंच टेकड्या, टेकड्यांवर दाट झाडी, झाडीत गोड्या पाण्याची तळी, आणि झाडांवर झोपलेले कोआला!

तुम्ही म्हणाल, "बाई गोष्ट सांगतायत." नाही हं! असं बेट खरोखरच आहे. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्यावर, क्वीन्सलँड राज्यात, ब्रिस्बेन शहराजवळ. नकाशात त्याचं नाव 'नॉर्थ स्ट्रॅडब्रोक आयलंड' असं लिहिलेलं असतं. तिथली माणसं लाडाने त्याला 'स्ट्रॅडी' म्हणतात. पण त्याचं मूळ नाव वेगळंच आहे, ते आहे मिंजेरिबा. हे नाव जरा दोन-तीनदा मोठ्याने म्हणून पाहा. मिंजेरिबा! मीही तेच म्हणणार आहे.

माझी धाकटी बहीण ब्रिस्बेनला नर्स आहे. तिने किती वर्षं बोलावलं, पण प्राथमिक शाळेतल्या शिक्षिकेला लांबचा प्रवास म्हणजे आधी पैसे साठवणं आलं. शेवटी गेल्या दिवाळीच्या सुट्टीत योग आला. बहिणीला कामावरून तीन दिवस रजा मिळाली आणि ती, तिचा नऊ वर्षांचा मुलगा आणि मी असे आम्ही तिघं मिंजेरिबाला निघालो. आपल्याकडे दिवाळीची थंडी सुरू होत होती, आणि तिथे मात्र वसंत ऋतू! पृथ्वीच्या दक्षिण गोलार्धात ऋतू उलटे असतात, हे मी दर वर्षी वर्गात शिकवते. पण ऑक्टोबरात आंब्याला मोहोर बघितला तेव्हा कुठे ते अंगात मुरलं!

क्लीव्हलँड नावाच्या गावातून फेरीबोट सुटते. दाभोळ-धोपाव्याची फेरीबोट तुमच्यापैकी कुणी पाहिली असेल तर अगदी तशीच, फक्त बरीच मोठी. मोटारी, ट्रक, सायकली, माणसं, कुत्री सगळी एकाच बोटीत. पाऊण तासाचा प्रवास. ही खाडी म्हणजे मोर्टन बे. तिचं पाणी उथळ आणि तळाशी समुद्री गवताची कुरणं आहेत. त्या कुरणांत ड्युगाँग चरतात. ड्युगाँग म्हणजे समुद्रगाय. अंगाने लठ्ठ, स्वभावाने शांत आणि आहाराने शाकाहारी. माझा भाचा कठड्याला नाक लावून सगळा वेळ पाण्याकडे बघत होता. ड्युगाँग काही दिसला नाही. कासवाचं एक डोकं मात्र वर आलं, त्याने एक श्वास घेतला आणि ते बुडालं.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. वाळूचं बेट ढासळत कसं नाही?

ही वाळू मुळात इथली नाहीच. दक्षिणेकडे न्यू साउथ वेल्स राज्यात ग्रॅनाइटसारख्या खडकांचे डोंगर आहेत. ऊन-पावसाने ते झिजले, त्यांचा चुरा नद्यांनी समुद्रात आणला आणि लाटांनी तो किनाऱ्याकिनाऱ्याने उत्तरेकडे ढकलत नेला. हे काम लाखो वर्षं चाललं. वाटेत जिथे एखादा घट्ट खडक आडवा आला, तिथे वाळू अडली आणि साठत गेली. मिंजेरिबाच्या ईशान्य टोकाला असाच एक जुन्या ज्वालामुखी खडकाचा सुळका आहे. सगळं बेट जणू त्या खुंटीला बांधलेलं आहे. मग वाऱ्याने वाळूच्या टेकड्या रचल्या. त्यांच्यावर आधी गवत आलं, मग झुडपं, मग मोठी झाडं. झाडांच्या मुळांनी वाळू घट्ट धरून ठेवली. झाडं काढली तर बेट चालायला लागेल, बरं का! वाऱ्याबरोबर सरकायला लागेल.

आणि वाळूत पाणी कसं टिकतं? याचं उत्तर मला तर फारच आवडलं. बेटावर 'ब्राउन लेक' नावाचं एक तळं आहे. मूळ नाव बुमीएरा. त्याचं पाणी कोऱ्या चहासारखं तांबूस दिसतं. काठावरच्या झाडांची पानं वर्षानुवर्षं पाण्यात पडतात, कुजतात. चहाची पत्ती उकळल्यावर जसा रंग उतरतो, तसाच त्या पानांचा रंग पाण्यात उतरतो. पण गंमत पुढेच आहे. कुजलेल्या पानांचा तो चिकट साका खाली जाऊन वाळूच्या कणांत बसतो आणि सिमेंटसारखा थर तयार होतो. आपण शेणाने अंगण सारवतो ना, तसंच झाडांनी तळ्याचं बूड सारवून घेतलं! मग त्यातून पाणी गळत नाही. आम्ही त्या पाण्यात डुंबलो. ते अगदी मऊ लागतं. माझे पाय पाण्यात तांब्याचे केल्यासारखे दिसत होते.

दुसरं तळं कबूरा, म्हणजे ब्लू लेक. तिथे जायला जंगलातून चालावं लागतं. हे पाणी मात्र स्वच्छ, निळसर. बेटावर पडलेला पाऊस वाळूत मुरतो आणि आत मोठा साठा होतो. जमीन जिथे खोलगट आहे तिथे तो साठा उघडा पडतो, एखाद्या खिडकीतून दिसावा तसा. शास्त्रज्ञांनी या तळ्याचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध केला. तळ्याच्या तळाचा गाळ तपासून त्यांनी सांगितलं की गेल्या सुमारे साडेसात हजार वर्षांत या पाण्याच्या गुणात फारसा फरक पडलेला नाही. साडेसात हजार वर्षं! इजिप्तचे पिरॅमिड तेव्हा बांधलेसुद्धा नव्हते. तिथल्या मूळ रहिवाशांचं हे श्रद्धेचं ठिकाण आहे. आम्ही काठावर बसलो, डबा खाल्ला नाही, आरडाओरडा केला नाही आणि परत आलो.

पहिल्याच दिवशी दुपारी आम्ही मोठ्या किनाऱ्यावर, म्हणजे 'मेन बीच'वर गेलो होतो. तीसेक किलोमीटर सरळ रेषेत नुसती पांढरी वाळू! डावीकडे बघा, माणूस नाही. उजवीकडे बघा, माणूस नाही. गुहागरचा किनारा मला लांब वाटायचा. तो इथे कोपऱ्यात मावला असता. भाच्याने हात पसरले आणि तो म्हणाला, "मावशी, इथे कुणीच नाही! आपणच पहिले!"

मुलांनो, हेच वाक्य दोनशे-अडीचशे वर्षांपूर्वी जहाजांतून आलेले लोकही म्हणाले होते. फक्त त्यांनी ते कागदावर लिहिलं, त्यावर कायदे केले, आणि त्यातून फार मोठा अन्याय झाला.

कारण हे बेट कधीच रिकामं नव्हतं. क्वांडामूका हे मोर्टन खाडीचं मूळ नाव आहे आणि इथल्या मूळनिवासींना क्वांडामूका लोक म्हणतात. त्यांच्यात तीन गट आहेत: नूनुकल, गोएनपुल आणि न्गुगी. बेटाच्या पश्चिमेला वॉलन वॉलन नावाचा ओढा आहे. त्याच्या काठी पुरातत्त्वशास्त्रज्ञांनी उत्खनन केलं, तेव्हा सुमारे वीस हजार वर्षांपूर्वी तिथे माणसं राहत होती याचे पुरावे मिळाले. तेव्हा शेवटचं हिमयुग चालू होतं आणि समुद्राची पातळी खूप खाली होती. म्हणजे आम्ही ज्या खाडीतून बोटीने आलो, तिथे तेव्हा कोरडी जमीन होती. समुद्र चढत गेला, जमीन बुडाली, बेट झालं. हे सगळं होत असताना ही माणसं तिथेच होती!

दुसऱ्या दिवशी आम्ही एका क्वांडामूका वाटाड्याबरोबर फिरायला गेलो. उंच, पन्नाशीचे गृहस्थ. त्यांनी "युरा!" म्हणून आमचं स्वागत केलं. जंदाई भाषेत युरा म्हणजे नमस्कार. मग त्यांनी भाच्याला विचारलं, "तुझ्या घरी पाहुणे आले तर ते न विचारता फ्रीज उघडतात का?" तो हसून नाही म्हणाला. ते म्हणाले, "हे माझं घर आहे. सगळीकडे फिर, पण इथला दगड, शिंपला उचलून नेऊ नकोस." भाच्याचा हात हळूच पँटच्या खिशात गेला आणि रिकामा बाहेर आला. वाळूत टप् असा आवाज झाला. आम्ही कुणीच काही बोललो नाही!

मायोरा नावाच्या झऱ्यापाशी त्यांनी आम्हाला शिंपल्यांचा ढीग दाखवला. वर झाडोरा, मातीतून पांढरे पांढरे शिंपले डोकावणारे. मला आधी वाटलं, लाटांनी आणून टाकले असतील. पण तो चक्क जेवणावळींचा ढीग होता. पिढ्यान् पिढ्या माणसं इथे बसून कालवं, शिंपल्या भाजून खात आणि टरफलं तिथेच टाकत. त्यातून त्यांना हेही कळायचं की आधीच्या वेळी इथे काय खाल्लं गेलं. मग ते दुसरं काही खायचे, म्हणजे पहिल्याला वाढायला वेळ मिळे. आमच्या गावात खाडीला ओहोटी लागली की बायका तिसऱ्या काढायला जातात. मिंजेरिबावर किनाऱ्याच्या वाळूत 'युगारी' नावाच्या शिंपल्या मिळतात. त्या कशा शोधायच्या माहीत आहे? ओल्या वाळूत उभं राहून टाचा अशा घुमवायच्या, जणू तुम्ही नाच करताय, की पायाला टणक काहीतरी लागतं. माझ्या पायाला पहिल्याच खेपेला लागलं. कोकणातल्या बाईचे पाय आहेत म्हटलं!

आणि डॉल्फिनची गोष्ट तर ऐकाच. बेटाच्या उत्तर टोकाला अमिटी पॉइंट आहे. तिथे क्वांडामूका कोळी आणि डॉल्फिन मिळून मासेमारी करत. माणसं काठावरून भाल्याने पाणी बडवत. आवाज ऐकून डॉल्फिन माशांचे थवे किनाऱ्याकडे हाकत आणत. माणसं जाळी लावून मासे धरत, आणि डॉल्फिनना त्यांचा वाटा मिळे. एकोणिसाव्या शतकात हे प्रत्यक्ष पाहिलेल्या गोऱ्या लोकांनी लिहून ठेवलं आहे, म्हणजे नुसती दंतकथा नव्हे.

हे लोक परक्यांशी कसे वागले, तेही बघा. १८२३ साली चार जण एका लहान होडीतून सिडनीहून लाकूड आणायला निघाले. वादळाने होडी भरकटली. एक जण समुद्रातच तहानेने मेला. उरलेले तिघे येऊन आपटले मिंजेरिबाच्या शेजारच्या मोर्टन बेटावर. आपण सिडनीच्या दक्षिणेला आहोत अशी त्यांची पक्की समजूत होती. म्हणून घरी जायला ते उत्तरेकडे जायची धडपड करत होते. प्रत्यक्षात सिडनी दक्षिणेला शेकडो किलोमीटर दूर राहिली होती! अशा चुकलेल्या, भुकेल्या माणसांना इथल्या मूळनिवासींनी मासे खाऊ घातले, आसरा दिला. ते मिंजेरिबावरही राहिले. कित्येक महिन्यांनी, नोव्हेंबरमध्ये, सरकारी जहाज आलं तेव्हा त्यांतला एक जण सापडला, तो चांगला धडधाकट होता.

याच्या बदल्यात मूळनिवासींना काय मिळालं? पहिल्यांदा गेली ती नावं. १८२७ साली 'रेनबो' नावाचं इंग्रजी जहाज इथे आलं. त्याचे कप्तान होते हेन्री राउस, आणि त्यांचे वडील होते स्ट्रॅडब्रोकचे अर्ल, म्हणजे मोठे सरदार. झालं! बेटाला त्यांचं नाव. गूम्पी या जागेचं झालं डनविच, तीसुद्धा त्याच घराण्याची पदवी. टोकावरच्या मुलुंबाला तर कॅप्टन कुकने १७७० सालीच जहाजातून जाता जाता 'पॉइंट लुकआउट' म्हणून टाकलं होतं. किनाऱ्यावर न उतरताच!

नाव बदललं तर काय मोठंसं, असं वाटतं ना? मग हे करून बघा. आपल्या गावातल्या पाणंदीला, ओढ्याला, पाराला, खडकाला काय म्हणतात ते घरातल्या आजी-आजोबांना विचारा. सुट्टीनंतर मी माझ्या तिसरीच्या मुलांना हा अभ्यास दिला. आमच्या किनाऱ्यावरच्या खडकांची बावीस नावं मिळाली. कोणता खडक भरतीला बुडतो, कुठे कालवं मिळतात, कुठे होडी फुटली होती, हे सगळं त्या नावांत होतं. छापील नकाशात त्यांतलं एकही नाही. एका खडकाचं नाव तर फक्त एका कोळी आजींनाच ठाऊक होतं, आणि त्यांचं वय आहे एक्याऐंशी.

मिंजेरिबावर पुढे १८६५ साली सरकारने गरीब, आजारी, म्हाताऱ्या गोऱ्या लोकांसाठी एक मोठा आश्रम काढला. तो १९४६ पर्यंत चालला. तिथली कष्टाची कामं मूळनिवासी माणसं करत, पण पगार मात्र इतरांसारखा मिळत नसे. त्यांनी अर्ज केले, पुन्हा अर्ज केले, जवळजवळ पंचवीस वर्षं भांडले. १९४४ साली त्यांना त्यांची मजुरी मिळाली.

असं काम करणाऱ्यांपैकी एका माणसाच्या मुलीविषयी तुम्हाला सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. तिचा जन्म १९२० चा. नाव कॅथ. बेटावर वाढलेली, मासे पकडणारी, झाडांवर चढणारी. ती डावखुरी होती. आणि डाव्या हाताने लिहिते म्हणून शाळेत तिला मार बसे. तेराव्या वर्षी तिची शाळा सुटली आणि ती लोकांच्या घरी घरकामाला लागली. मूळनिवासी मुलीला याहून वेगळं काम मिळायचा संभवच नव्हता.

पालकांनो, हा परिच्छेद तुमच्यासाठीही आहे. माझ्या वर्गात दर वर्षी एक-दोन मुलं डावखुरी असतात. आणि दर वर्षी कुणी ना कुणी घरून निरोप पाठवतं, "बाई, जरा ओरडून त्याला उजव्या हाताची सवय लावा." मी आता त्यांना या कॅथची गोष्ट सांगते.

कारण त्याच डाव्या हाताने पुढे कविता लिहिल्या! १९६४ साली तिचा कवितासंग्रह निघाला. ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासी कवीचा छापलेला तो पहिला संग्रह. त्या काळी त्या देशाची लोकसंख्या सांगताना मूळनिवासींना मोजतच नसत, अशी राज्यघटनेतच तरतूद होती. विचार करा, वर्गाची हजेरी घेताना तुमचं नाव घेतलंच नाही तर? हे बदलावं म्हणून कॅथ वॉकर देशभर फिरल्या, भाषणं दिली. १९६७ साली जनमत घेतलं गेलं आणि शंभरातल्या नव्वदांहून जास्त मतदारांनी बदलाच्या बाजूने कौल दिला.

मग त्या बेटावर परत आल्या. मूंगाल्बा नावाच्या जागी एका कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या घरात, राहू लागल्या. आणि त्यांनी काय केलं असेल? शाळा! भिंती नसलेली. मुलं यायची, तंबूत राहायची, मासे पकडायची, गोष्टी ऐकायची. काळी मुलं, गोरी मुलं, सगळी. वर्षानुवर्षं मिळून सुमारे तीस हजार मुलं तिथे येऊन गेली. चार भिंतींत पस्तीस मुलं सांभाळताना माझी त्रेधा उडते, म्हणून तो आकडा मी वहीत दोनदा अधोरेखित केला आहे.

त्यांना ब्रिटिश राणीकडून एक पदक मिळालं होतं. गोऱ्यांच्या आगमनाला १९८८ साली दोनशे वर्षं होणार, म्हणून देशात मोठा उत्सव ठरला. आमची जमीन गेली त्याचा उत्सव कसला, म्हणून त्यांनी आदल्या वर्षी ते पदक परत केलं आणि आपलं इंग्रजी नावही सोडलं. नवं नाव घेतलं ऊजरू नूनुकल. ऊजरू म्हणजे 'पेपरबार्क' झाड. या झाडाची साल कागदासारखी पापुद्र्यापापुद्र्याने निघते. कवयित्रीला याहून शोभेल असं नाव कोणतं? १९९३ साली त्या गेल्या. मूंगाल्बाच्या मातीतच त्यांना ठेवलं आहे. आमच्या वाटाड्याने पेपरबार्कचा एक गळून पडलेला पापुद्रा आमच्या हातावर ठेवला. तो लोकरीसारखा ऊबदार लागतो. (तो आम्ही तिथेच ठेवून आलो, हे सांगायला नकोच.)

आपल्याकडे घराण्याचं देवक असतं ना, तसं नूनुकल लोकांचंही कुलचिन्ह असतं. ऊजरूंच्या कुळाचं होतं कार्पेट स्नेक, म्हणजे अंगावर गालिच्यासारखी नक्षी असलेला अजगर. तो दिसला तर मारायचा नाही. आम्हाला दिसला नाही. खरं सांगू का, मला त्याचं फार वाईट वाटलं नाही.

या बेटाची वाळू नुसती पांढरी नाही. तिच्यात काळे, जड कणही असतात: इल्मेनाइट, रुटाइल, झिर्कॉन. आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काळपट वाळूचे पट्टे दिसतात, तेही इल्मेनाइटच. रंग, धातू, चिनी मातीच्या फरश्या अशा कितीतरी गोष्टींत ही खनिजं लागतात. त्यांच्यासाठी मिंजेरिबावर जवळजवळ सत्तर वर्षं खाणी चालल्या. झाडं काढायची, टेकडी खणायची, कण वेगळे करायचे आणि वाळू परत टाकायची. बेटावरच्या पुष्कळ कुटुंबांची चूल त्या खाणींवर पेटत होती, क्वांडामूका कुटुंबांचीही. म्हणून त्या बंद कराव्यात की नाही यावर घराघरांत वाद झाले. २०१९ च्या शेवटी खाणकाम थांबलं. आता बेटाला पर्यटनावर जगायचं आहे, आणि ते किती जमेल याची काळजी आमच्या वाटाड्याच्या बोलण्यातून लपत नव्हती. "तुम्ही आलात, बरं झालं," असं ते म्हणाले, मग थोडं थांबून म्हणाले, "पण सगळेच एकदम येऊ नका."

मात्र एक गोष्ट सांगताना त्यांचा चेहरा उजळला. ही भूमी आमची आहे, हे मान्य करा, असा अर्ज क्वांडामूका लोकांनी १९९५ साली न्यायालयात केला होता. सोळा वर्षं गेली. अर्ज करणारे काही म्हातारे वाट बघता बघता वारले. शेवटी ४ जुलै २०११ रोजी न्यायालयाने त्यांचा हक्क मान्य केला. बेटाचा मोठा भाग आता राष्ट्रीय उद्यान आहे आणि ते सरकार व क्वांडामूका लोक मिळून सांभाळतात. त्याचं नाव इंग्रजी नाही, जंदाई आहे: नारी बुजोंग जारा. अर्थ, 'माझी धरणीमाता'.

तिसरा दिवस प्राण्यांचा! मुलुंबाच्या टोकावर खडकाच्या कड्याने जाणारी एक पायवाट आहे. एका बाजूला कांगारू गवत खात उभे. आपण जवळून गेलो तर नुसते कान हलवतात. दुसऱ्या बाजूला खोल घळ, तिच्यात लाटा घुसून फेसाचा डोंगर करतात. वाटेत केवड्याची बनं दिसली. हो, केवडाच! आपल्या केवड्याचा सख्खा चुलत भाऊ, 'पँडानस'. आणि सुरूची झाडंही. सुरू म्हणजे आपल्या कोकण किनाऱ्याचं झाड असं मला लहानपणापासून वाटायचं. पण इथे ते रानात आपलं आपण उगवतं. परदेशात आल्यासारखं वाटेचना.

झाडावर एक कोआला दिसला. फांदीच्या बेचक्यात पाठ टेकवून झोपलेला. निलगिरीची पानं हा त्याचा आहार; त्यांत पोषण कमी, पचायला जड, म्हणून तो दिवसाचे अठरा-वीस तास झोप काढतो. भाच्याने लगेच आईला सांगितलं, "मला पण निलगिरीची पानं दे." रात्री मात्र आमचीच झोप उडाली. बाहेर कुणीतरी बाई रडावी तसा लांबलचक आवाज आला. बहीण हसून म्हणाली, "कर्ल्यू आहे." आपल्याकडच्या माळरानावरच्या करवानकाचा नातेवाईक. तसेच मोठे पिवळे डोळे, तशीच काटकुळ्या पायांची धाव.

पोहायचं असेल तर एक नियम मात्र तिथे सगळे पाळतात: लाल-पिवळे झेंडे लावलेले असतात, त्या दोन झेंड्यांच्या मधेच पाण्यात जायचं. कारण तिथे जीवरक्षक बसलेले असतात. झेंड्याबाहेर गेलं की शिट्टी! दर मे महिन्यात आपल्याकडे सहलीला आलेली मुलं बुडाल्याच्या बातम्या येतात. असे झेंडे आपल्या प्रत्येक किनाऱ्यावर हवेत, असं मला फार वाटतं.

आता देवमाशांचं सांगते. हंपबॅक जातीचे देवमासे हिवाळ्यात अंटार्क्टिकाकडून उत्तरेच्या ऊबदार पाण्यात येतात, तिथे पिल्लं देतात आणि वसंतात पिल्लांना घेऊन परत निघतात. मुलुंबाचं टोक त्यांच्या वाटेवरच आहे. शेजारच्या मोर्टन बेटावर १९५२ ते १९६२ या काळात देवमासे मारण्याचा कारखाना होता. दहा वर्षांत सहा हजारांहून जास्त हंपबॅक तिथे मारले. मग मारायला देवमासेच उरले नाहीत, म्हणून कारखाना बंद पडला! काहीशेच उरले होते. पुढे शिकारीवर बंदी आली आणि आता ते पुन्हा हजारोंनी जातात.

आम्ही कड्यावरच्या बाकावर बसलो. अर्धा तास काही नाही. भाचा कंटाळून बूट काढत होता. तेवढ्यात दूर पाण्यावर वाफेचा एक तुरा उठला, आणि त्याच्या शेजारी एक छोटा तुरा. आई आणि पिल्लू! पिल्लू म्हणजे लहान नव्हे हं, आपल्या एस.टी.च्या निम्म्या लांबीचं तरी असेल. आईचं चालणं संथ. पिल्लाला मात्र धीर नव्हता. ते सबंध पाण्याबाहेर उडालं आणि धप्पकन पाठीवर आपटलं. आवाज आमच्यापर्यंत यायला दोन-तीन सेकंद लागले. पुन्हा उडालं. पुन्हा आपटलं. भाच्याने मोजायला सुरुवात केली. अकरापर्यंत मोजलं, मग ती दोघं टोकाच्या पलीकडे दक्षिणेला गेली. एक बूट हातात, एक पायात, असा तो कठड्यापाशी उभाच होता. चारच्या बोटीची वेळ झाली होती आणि बहीण मोटारीचा हॉर्न वाजवत होती.